भिंत बांधून जगणारी पेशी



ज्या प्राध्यापकांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे विषय निवडताना मला फार शोधाशोध करावी लागली नाही. त्यांच्या विषयाचं पहिलंच प्रकरण मी आज घेतलं आहे: वनस्पतीची पेशी. तिची आकृती शाळेत आपण सगळ्यांनी काढली आहे. प्राण्यांच्या पेशीत नसलेल्या तीन गोष्टी तिच्यात असतात, हेही बहुतेकांना आठवत असेल. बाहेर पेशीभित्तिका, आत भलीमोठी रिक्तिका आणि हिरवी लवकं. केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड हा बाकीचा संसार दोन्हीकडे जवळपास सारखाच.

आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. ही तीन वैशिष्ट्यं आपण यादीसारखी पाठ करतो, पण ती सुटी सुटी नाहीत. वनस्पती उन्हावर अन्न तयार करते, म्हणून तिला अन्नामागे धावावं लागत नाही. धावायचं नाही, म्हणून पेशीला भोवती भिंत घालणं परवडतं. भिंत आहे म्हणून आतल्या पाण्याचा दाब सोसता येतो. त्या पाण्याच्या जोरावर पेशी थोडक्या खर्चात मोठी होते, आणि मोठी झाली की जास्त ऊन पकडते. एकातून दुसरं निघतं. या व्यवहारात वनस्पतीने काय कमावलं आणि काय गमावलं, ते आपण थोडं सावकाश पाहू.

रिकाम्या खोल्या

इतिहासाची सुरुवातच भिंतीपासून होते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर त्याला असंख्य चिमुकले खण दिसले. एक घन इंच बुचात असे १२० कोटींहून अधिक खण असावेत, असा हिशेबही त्याने मांडला. बूच म्हणजे झाडाच्या सालीतल्या मेलेल्या पेशी. आतला जीव केव्हाच गेलेला, मागे भिंती तेवढ्या राहिलेल्या. थोडक्यात, ज्या दर्शनातून पेशीविज्ञान जन्माला आलं, त्यात पेशीतलं सजीव असं काहीच नव्हतं. रॉबर्ट ब्राउनने केंद्रकाचं महत्त्व ओळखलं ते १८३१मध्ये, ऑर्किडच्या पेशी पाहताना. सगळ्या वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असतात, हे श्लायडेनने १८३८मध्ये मांडलं आणि पुढच्याच वर्षी श्वानने तेच प्राण्यांबद्दल सांगितलं. पॅरिसमध्ये आन्सेल्म पाय्याँने लाकडातून सेल्युलोज वेगळं केलं, तेही १८३८च्या सुमारासच.

त्यानंतर बराच काळ अभ्यासकांचा ओढा आतल्या सजीव द्रव्याकडे राहिला. भिंत म्हणजे बाहेरचं निर्जीव कवच, तिच्यात काय पाहायचं, असा तो काळ. तिला पुन्हा मान मिळाला तो विसाव्या शतकात.

दाब

आता भिंत आणि पाणी यांचा संबंध पाहू. वाढ पूर्ण झालेल्या वनस्पतिपेशीत रिक्तिका ८०-९० टक्के जागा व्यापते. केंद्रक, लवकं, तंतुकणिका हे सगळं कडेच्या पातळ थरात दाटीवाटीने बसतं. रिक्तिकेत पाणी असतं आणि पाण्यात क्षार, शर्करा, आम्लं विरघळलेली असतात. बाहेरच्यापेक्षा आतलं द्रावण तीव्र, त्यामुळे परासरणाने पाणी आत शिरत राहतं. प्राण्याची पेशी साध्या पाण्यात ठेवली तर ती फुगते आणि फुटते. वनस्पतीची फुटत नाही, कारण भिंत तिला आवरून धरते. सायकलची ट्यूब आणि टायर यांचं जे नातं, तेच इथे रिक्तिका आणि भित्तिका यांचं. दोन्ही एकेकट्या लेच्यापेच्या, एकत्र आल्या की ताठ. हा दाब साधारण ३ ते १० वातावरणांइतका भरतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन वातावरणांची हवा असते, आणि ही भिंत तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असू शकते.

कोथिंबिरीची जुडी दुपारपर्यंत माना टाकते आणि पाण्यात ठेवली की पुन्हा उभी राहते, ती याच दाबाने. काकडीला मीठ आयत्या वेळी लावावं, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. मिठामुळे बाहेरचं द्रावण तीव्र होतं, रिक्तिकेतलं पाणी बाहेर येतं आणि भिंतीच्या आतलं पातळ प्रद्रव्यपटल तिच्यापासून सुटून आत आकसतं. खमंग काकडीत तळाशी जमलेलं पाणी म्हणजे हजारो रिक्तिकांचं पाणी.

पानावरची पर्णरंध्रंही याच तत्त्वावर उघडतात. रंध्राच्या दोन्ही बाजूंना एकेक रक्षक पेशी असते. तिच्यात पोटॅशियम शिरलं की मागोमाग पाणी शिरतं. तिच्या भिंतीतले सेल्युलोजचे तंतू अशा रीतीने बसवलेले असतात, की फुगताना तिला रुंद होता येत नाही, ती बाहेरच्या बाजूला वाकते. दोन्ही पेशी वाकल्या की मधे फट पडते. कार्बन डायऑक्साइड आत येतो, बाष्प बाहेर जातं. पृथ्वीवरच्या हिरव्या पानांचा श्वास असा दोन फुगणाऱ्या पेशींच्या हाती आहे.

या पाण्याचा सगळ्यात मोठा उपयोग वाढीसाठी होतो. प्राण्याला आकार वाढवायचा तर प्रथिनांनी भरलेलं पेशीद्रव्य वाढवावं लागतं, आणि ते महागडं. वनस्पती भिंत जराशी सैल करते आणि पाणी भरते. ऑक्सिन हे संप्रेरक भिंतीभोवतालची आम्लता वाढवतं. मग एक्सपान्सिन नावाची प्रथिनं सेल्युलोजच्या तंतूंमधली पकड ढिली करतात आणि आतल्या दाबाने भिंत ताणली जाते. पावसाळ्यात बांबूचा कोंब एका दिवसात डोळ्यांना दिसेल इतका वर येतो, तो बहुतांशी पाणी पिऊन.

पण ताणायचं कोणत्या दिशेने? भिंतीतले तंतू पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असतील, तर ती लांब होते, जाड होत नाही. हे तंतू आडवेच कसे पडतात, हा प्रश्न अमेरिकन शास्त्रज्ञ पॉल ग्रीन यांना पडला. प्रद्रव्यपटलाच्या आतल्या बाजूला प्रथिनांचे सूक्ष्म तंतू असावेत आणि तेच बाहेरच्या सेल्युलोजला दिशा देत असावेत, असा तर्क त्यांनी १९६२मध्ये केला. पुढच्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेमक्या त्याच जागी सूक्ष्मनलिका दिसल्या. तेव्हा भिंत बाहेर असली तरी तिची आखणी आतून होते. तिला निर्जीव कवच म्हणणं तिथेच संपलं.

कापसाचा धागा

हे सगळं एका पेशीत पाहायचं असेल, तर विदर्भातल्या कुठल्याही कापसाच्या शेतात जावं. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एक पेशी. धाग्यातला पीळ किंवा कापडातला दोरा मी म्हणत नाही. सरकीच्या सालीवरचा जो एकेक तंतू, तो पूर्ण एका पेशीचा. लांबी अडीच-तीन सेंटिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. लांबी जाडीच्या हजारपटीहून जास्त.

फूल उमलतं त्याच सुमारास सरकीच्या सालीतल्या काही पेशी बाहेर डोकावू लागतात. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्या फक्त लांब होतात. या काळात भिंत पातळ असते आणि सगळा जोर रिक्तिकेच्या दाबाचा असतो. पेशीला शेजारच्या पेशींशी जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा ऐन वाढीच्या काही दिवसांत बंद होतात, म्हणजे दाब आतल्या आत टिकतो. या आठवड्यांत झाडाला पाण्याचा ताण बसला, तर तंतूची लांबी घटते. नंतर लांबी थांबते आणि जाडी सुरू होते. भिंतीच्या आतल्या बाजूने सेल्युलोजचे थरावर थर चढतात. पक्व तंतूत ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं. बोंड फुटतं तेव्हा पेशी मरते, पाणी आटतं, पोकळ नळी चपटी होऊन स्वतःभोवती पीळ घेते. या नैसर्गिक पिळामुळेच तंतू एकमेकांत अडकतात आणि सूत कातता येतं.

कापसाच्या बाजारात ‘मायक्रोनेअर’ हा शब्द रोज चालतो. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडून ती किती अडते, हे मोजायचं. त्यावरून तंतूचा बारीकपणा आणि पक्वपणा कळतो. पक्वपणा म्हणजे भिंत किती भरली आहे. भिंत भरली नसेल, तर तो कच्चा तंतू रंग नीट घेत नाही आणि कापडावर फिके ठिपके उठतात. मुंबईत माटुंग्याला १९२४पासून कापसाच्या तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा आहे. तिथे इतकी वर्षं जे मोजलं जातं, त्यात मोठा वाटा पेशीभित्तिकेचाच आहे. शेतकऱ्याच्या हातात पडणारा भाव अखेर भिंतीच्या लांबी-जाडीवर ठरतो.

सगळ्या भिंती अशा शुद्ध सेल्युलोजच्या नसतात. पेरू किंवा चिकू खाताना दाताखाली जो रवाळपणा येतो, त्या दृढपेशी. त्यांच्या भिंतीत लिग्निन भरून त्या कडक झालेल्या असतात. लाकडातल्या जलवाहिन्याही लिग्निनच्या. त्या पेशी काम सुरू करण्याआधीच मरतात. केंद्रक, पेशीद्रव्य सगळं विरघळून जातं आणि मागे एक लांब पोकळ नळी उरते. वर पानांतून बाष्प उडतं आणि त्या ओढीने पाण्याचा स्तंभ खालून वर खेचला जातो, हे डिक्सन आणि जोली यांनी १८९४मध्ये मांडलं. जिवंत पेशीची भिंत बाहेर ढकलणाऱ्या दाबाला तोंड देते. या मेलेल्या नळीच्या भिंतीला मात्र आत ओढणारा ताण सोसायचा असतो. ती आत चेपली गेली की पाणी तुटलं. लिग्निनचं बळ त्यासाठी लागतं. माडाच्या टोकापर्यंत पाणी पोचतं, ते या मेलेल्या पेशींमधून.

भिंत नसेल तर

भिंतीचं महत्त्व कळायला भिंत नसलेली वनस्पतीची पेशी पाहायला हवी, आणि तीही आपल्याकडे गाडीवर मिळते. नारळाच्या बीजात भ्रूणपोष तयार होताना सुरुवातीला केंद्रकंच विभागत राहतात, मधे भिंती पडतच नाहीत. कोवळ्या शहाळ्याचं पाणी हे असं, पुष्कळ केंद्रकं एकत्र नांदणारं द्रव आहे. पुढे करवंटीच्या आतल्या बाजूने भिंती पडायला लागतात. पहिल्यांदा मऊ मलई धरते, मग तिचं खोबरं होतं. पाण्याचं शहाळं हवं की मलईचं, असं आपण विचारतो. खरं तर भिंती पडण्याआधीचं हवं की नंतरचं, एवढाच तो प्रश्न आहे.

एरवी वनस्पतीची पेशी विभागते ती मधे भिंत घालूनच. प्राण्याची पेशी कमरेत आवळली जाऊन दोन होते. वनस्पतीच्या पेशीला बाहेर भिंत असल्याने आवळता येत नाही. म्हणून गॉल्जी पिंडाकडून आलेल्या पिशव्या मध्यावर जमतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांचा पडदा मधून कडेकडे पसरत जुन्या भिंतीला जाऊन मिळतो. या पडद्यात काही छिद्रं राहतात. त्यांतून एका पेशीचं पेशीद्रव्य दुसरीच्या पेशीद्रव्याला जोडलेलं असतं. एडुआर्ड टांगलने ही जोडणी १८७९मध्ये पाहिली आणि स्ट्रासबुर्गरने १९०१मध्ये तिला ‘प्लाझमोडेस्माटा’ हे नाव दिलं. शर्करा, संप्रेरकं, काही प्रथिनं या वाटेने जातात. विषाणूही जातात. विषाणूंकडे या वाटा रुंद करणारी प्रथिनं असतात. पपईवरचा रिंगस्पॉट रोग झाडभर पसरतो, तो भिंत न फोडता, याच वाटांनी पुढे सरकून.

साठा आणि शस्त्र

रिक्तिका केवळ पाणी भरून ठेवत नाही. हलता येत नाही, तेव्हा शत्रूपासून पळताही येत नाही. मग विष, कडू, आंबट, तुरट जे काही तयार होतं, ते रिक्तिकेत साठवायचं. जांभळाचा जांभळा रंग, चिंचेचं आम्ल हे सगळं तिथलं. अळू कच्चं खाल्लं की घसा खवखवतो, कारण त्याच्या विशिष्ट पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया जुड्यांनी रचलेल्या असतात.

कांद्याची युक्ती याहून बारीक आहे. गंधकयुक्त पदार्थ पेशीद्रव्यात आणि त्याला तोडणारं अलीनेज हे विकर रिक्तिकेत. मधे एक पटल. जोवर पेशी शाबूत, तोवर दोघांची गाठ पडत नाही. विळी चालली की पटल फाटतं, दोन्ही मिसळतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. हा वायू बनवणारं वेगळं विकर जपानी संशोधकांनी २००२मध्ये शोधून काढलं. तोवर ही रासायनिक क्रिया अलीनेजनंतर आपोआप होते, असंच मानलं जात होतं. लासलगावच्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक कांद्यात ही तयारी असते, आणि ती चालते केवळ पेशीतल्या अंतर्गत विभागणीवर.

उन्हाचे भाडेकरू

आता तिसरी गोष्ट, लवकं. व्यवहाराची सुरुवात इथून झाली. हरितलवकाला दुहेरी पटल असतं, स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो आणि प्रथिनं बनवणारी रायबोझोम जीवाणूंच्या रायबोझोमसारखी असतात. हरितलवक हा मुळात बाहेरून आलेला स्वतंत्र जीव असावा, हे रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी १९०५मध्ये लिहिलं. फार कोणी ते मनावर घेतलं नाही. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७मध्ये हा विचार पुराव्यांसह पुन्हा मांडला, आणि पुढे डीएनएच्या अभ्यासाने तो पक्का झाला. नील-हरित जीवाणू एका मोठ्या पेशीत शिरला, पचला नाही आणि तिथेच राहिला. तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण डीएनए जपानमध्ये १९८६साली वाचला गेला. त्यात सुमारे १ लाख ५६ हजार अक्षरं आणि शंभरावर जनुकं आहेत. स्वतंत्र जगणाऱ्या नील-हरित जीवाणूकडे हजारो असतात. बाकीची बहुतेक केंद्रकाकडे गेली किंवा नाहीशी झाली. हवेतला कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर घ्या. त्याचा मोठा तुकडा लवक स्वतःच्या जनुकावरून बनवतं, लहान तुकडा केंद्रकाच्या हुकमाने बाहेर बनून आत येतो. दोन्ही जुळल्याशिवाय प्रकाशसंश्लेषण नाही.

लवकं एका रूपात अडकूनही राहत नाहीत. बटाट्यातली अवर्णलवकं पिष्ट साठवतात, उजेडात ठेवली की हिरवी होतात. टोमॅटो पिकताना हरितलवकांची वर्णलवकं होतात आणि फळ लाल होतं. मुळाच्या टोकाशी पिष्टाने जड झालेली लवकं पेशीच्या तळाशी बसतात, त्यावरून मुळाला खाली कुठे आहे हे कळतं. स्वयंपाकघर आणि दिशादर्शन एकाच घराण्याकडे.

किंमत

ऊन, भिंत आणि पाणी यांच्या या व्यवहारात मोठं नुकसानही आहे. भिंतीत अडकलेली पेशी जागा सोडू शकत नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेकडे धावतात, तसं झाडात होत नाही. त्याचा एक फायदा असा, की झाडावर गाठ झाली तरी तिच्या पेशी सुटून दुसरीकडे जाऊन वसत नाहीत. पण संरक्षण जिथल्या तिथेच करावं लागतं आणि दुरुस्तीही तिथल्याच पेशींना करावी लागते. त्यामुळे वनस्पतीच्या पुष्कळशा पेशींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची क्षमता राखून ठेवली.

हाबरलान्ट यांनी १९०२मध्येच सुचवलं होतं, की एका पेशीपासून पूर्ण वनस्पती वाढवता यायला हवी. त्यांना ते साधलं नाही. अमेरिकेत स्टुअर्ड यांनी १९५८मध्ये गाजराच्या मुळातल्या पेशींपासून भ्रूण आणि रोपं मिळवली. त्यांच्या संवर्धनद्रवात नारळाचं पाणी होतं, कारण त्यात पेशींना विभागायला लावणारी द्रव्यं असतात. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४मध्ये धोतऱ्याच्या परागकणांपासून भ्रूण मिळवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पाराशरामी आणि मस्कारेन्हास यांनी ऊतिसंवर्धनातल्या बांबूला काचेच्या नळीत फुलं आणली. एरवी कित्येक वर्षांनी एकदा फुलणाऱ्या बांबूची ही बातमी १९९०मध्ये ‘नेचर’मध्ये आली.

याच ज्ञानाचं आपल्याकडचं मोठं पीक जळगावची केळी. पूर्वी शेतकरी कंद किंवा मुनवे लावत. त्यांच्यासोबत जुन्या शेतातले रोगही येत. आता प्रयोगशाळेत कोंबाच्या शेंड्याचा लहानसा तुकडा संवर्धनात वाढवतात आणि त्यातून हजारो रोपं करतात. जी-९ म्हणजे ग्रँड नैन या जातीची रोपं एकसारखी वाढतात, घडही जवळपास एकदम कापणीला येतात. शेतकऱ्याचा त्यात फायदा झाला, यात वाद नाही.

परंतु एकसारखेपणाची दुसरी बाजू आहे. जी-९ कॅव्हेंडिश गटातली, बियांशिवाय वाढणारी. तिची सगळी रोपं आनुवंशिक दृष्ट्या जवळपास एकच. लॅटिन अमेरिकेत ग्रो मिशेल नावाची केळी अशीच एकसारखी होती. फ्युझेरियम बुरशीने तिचे मळे बसवले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आता कॅव्हेंडिशलाही मारणारा बुरशीचा टीआर-४ हा प्रकार आला आहे. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशात त्याची नोंद झाली आहे. ही बुरशी मुळांतून शिरते आणि जलवाहिन्यांत वाढते. मेलेल्या पेशींच्या ज्या भिंतींनी पाण्याला वर जायला वाट दिली, तीच वाट ती वापरते. तिथे कोणी जिवंत पहारेकरी नाही. पाणी अडतं, पानं पिवळी पडून मोडतात. एकदा जमिनीत आली की ती अनेक वर्षं तिथेच टिकते, आणि औषध फवारून ती जात नाही.

म्हणून खानदेशातल्या केळीउत्पादकांना मला आवर्जून सांगावंसं वाटतं. रोगाच्या भागातून आलेले मुनवे, अवजारांना आणि ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली माती यांच्याबाबत निष्काळजी राहू नका. रोपं प्रमाणित प्रयोगशाळेतूनच घ्या. शास्त्रज्ञांनी प्रतिकारक्षम जाती शोधायला हव्यात, आणि शेतात एकच एक जात लावायच्या सवयीचाही आपण सगळ्यांनी फेरविचार करायला हवा. एका पेशीपासून लाखो रोपं करण्याची शक्ती आपल्या हाती आली, त्याबरोबर लाखो रोपांना एकाच कमजोरीच्या स्वाधीन करण्याची जोखीमही आली आहे. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय पुढची लागवड ठरवू नये.